मालाच्या टेंपोला नवा टायर घेताना

कापडाचा तागा हातात आला की आपण व्यापारी सुताचा नंबर, पन्हा आणि वजन पाहतो. शिक्का वाचल्याशिवाय माल उचलत नाही. पण टेंपोचा टायर बदलायचा झाला की आपला एकच सवाल असतो, "स्वस्तात कोणता?" टायरच्या अंगावरही सगळी हकीकत छापलेली असते. भिवंडीहून मालेगावला निघालेला टेंपो कसारा घाट ओलांडतो, तेव्हा त्यात आपला माल असतो आणि कोणाच्या तरी घरचा कमावता माणूसही असतो. म्हणून हा शिक्का वाचायला शिकावे.

भार आधी, भाव नंतर

लहान टेंपोच्या टायरवर '१४५ आर १२ एलटी ८ पीआर' असे लिहिलेले आढळते. १४५ ही मिलिमीटरमधील रुंदी, आर म्हणजे रेडियल, १२ हे रिमचे इंचातील माप आणि एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर. ८ पीआर म्हणजे आत आठ थर असतातच असे नाही. ते मजबुतीचे माप आहे.

१२ इंची रिमवर लहान मोटारीचा '१४५/८० आर १२' टायरही बसतो. दिसायला सारखाच, म्हणून काही जण तोच चढवतात. त्यावर ७४ हा भाराचा आकडा असेल तर तो टायर फक्त ३७५ किलो पेलतो. ८० म्हणजे ४५० किलो आणि ८६ म्हणजे ५३० किलो.

आता हिशेब पाहा. भरलेल्या टेंपोची फक्त मागची चाके वजनकाट्यावर घ्यावीत. ९०० किलो भरले तर प्रत्येक टायरवर ४५० किलो आले. ८० नंबरचा टायर इथे काठोकाठ झाला. गाठी एका बाजूला सरकल्या की तो कमी पडतो. मोटारीचा टायर तर पहिल्यापासूनच कमी. अशा गाडीला ८६ नंबर योग्य. मात्र टायर मजबूत घेतला म्हणून पासिंगपेक्षा जास्त माल भरण्याची मुभा मिळत नाही. ब्रेक, पाटे आणि धुरा जुनेच असतात.

टायरचे वय

लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. आमच्याकडे एका दुकानदाराने चार वर्षे गोदामात पडलेला टायर 'नवा कोरा' म्हणून पुढे केला होता. नक्षी नवी होती, रबर मात्र जुने. आम्ही आकडे दाखवताच त्याने निमूटपणे दुसरा काढला. पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर टायर बाद करावा, असा सल्ला काही टायर कंपन्या देतात. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की खाचांमधील उंचवटे तिच्या पातळीला येतात. मग टायर बदललाच पाहिजे.

जोडी आणि हवा

एका धुऱ्यावरचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि शक्यतो एकाच वेळी घेतलेले असावेत. एकीकडे रेडियल आणि दुसरीकडे नायलॉन असे कधीही करू नये. रिमोल्ड टायर पुढच्या चाकाला लावू नये.

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून काही ड्रायव्हर हवा कमी करतात. हा उलटा इलाज आहे. भार हवाच पेलते. हवा कमी झाली की टायर जास्त दबतो, दर फेऱ्याला वाकतो, तापतो आणि फुटतो. भिवंडीजवळ आमणे येथे संपणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ साली पूर्ण खुला झाला. अशा लांब, सलग रस्त्यावर तर टायरला विसावाच नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना, गाडीच्या पुस्तिकेत भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी.

शेवटी, आयएसआय शिक्का पाहून घ्यावा आणि टायरचा नंबर लिहिलेले पक्के बिल मागावे. टायर सदोष निघाला तर कंपनीकडे दाद मागताना तेच कामी येते.