चेंडू सुटला म्हणून खेळाडूही सोडायचा?

सप्टेंबर ते जानेवारी या महिन्यांत अमेरिकेतला रविवार हा फुटबॉलचा वार असतो. हा फुटबॉल आपल्याकडे पायांनी खेळतात तो नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता, लांबट चेंडू काखेत दाबून, अंगाला अंग भिडवत पुढे घुसायचा हा खेळ. हिशेब सोपा आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरका, म्हणजे आणखी चार प्रयत्न मिळतात. नाही सरकलात तर चेंडू प्रतिपक्षाला द्या. चेंडू हातात असणे हेच इथले भांडवल. धावणाऱ्याच्या हातून तो निसटला तर त्याला ‘फंबल’ म्हणतात, क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने मधेच झेलला तर ‘इंटरसेप्शन’. या दोन्ही वाटांनी चेंडू दुसऱ्याच्या ताब्यात गेला, की तो ‘टर्नओव्हर’.

टर्नओव्हर झाला, की दूरचित्रवाणीचा कॅमेरा आधी मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या प्रशिक्षकाच्या चेहऱ्यावर जातो आणि मग मान खाली घालून बाकावर येऊन बसलेल्या खेळाडूवर. आता याला पुन्हा मैदानात पाठवायचे, की उरलेला सामना बाकावरच बसवून ठेवायचे? मोसमात संघाच्या वाट्याला साखळीचे जेमतेम सतरा सामने येतात. निर्णय घ्यायला मिळतात काही मिनिटे. आणि कोट्यवधी प्रेक्षकांनी आपापला निर्णय घरी बसून आधीच दिलेला असतो.

प्रश्न आपल्याला परका नाही. डिसेंबर १९८४ मध्ये इंग्लंडविरुद्धची दिल्ली कसोटी आपण हरलो, तेव्हा दुसऱ्या डावात मोठा फटका मारताना झेल देऊन बाद झालेल्या कपिलदेव आणि संदीप पाटील या दोघांनाही पुढच्या कलकत्ता कसोटीतून वगळण्यात आले. कपिलदेव त्याच्या पुढच्याच कसोटीत परतला. १३१ कसोटींच्या कारकिर्दीत पदार्पणानंतर त्याची हुकलेली ही एकमेव कसोटी. पाटील मात्र पुन्हा कधीच कसोटी खेळला नाही, कारण कलकत्त्यात मोहम्मद अझरुद्दीन नावाच्या तरुणाने पदार्पणातच शतक ठोकले होते. चूक सारखी, शिक्षाही सारखी. पण एकाला ती एका सामन्याची पडली आणि दुसऱ्याला जन्मठेपेची. आपल्याकडे असा प्रसंग वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी येतो. अमेरिकी फुटबॉलमध्ये तो दर आठवड्याला, भर सामन्यात येतो. म्हणून बाकावर बसवण्याने नक्की काय साधते, हे तपासायला तो खेळ बरा.

बसवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. संघात बावीसहून अधिक जण राबत असतात. एकाच्या निष्काळजीपणाने सगळ्यांच्या घामाचे पाणी होणार असेल आणि त्याला कुणी काहीच म्हणणार नसेल, तर बाकीच्यांनी शिस्त का पाळावी? शिवाय खेळायला मिळणे ही या मुलांची सर्वांत मोठी भूक. तीच काढून घेतली तर धडा पक्का बसेल, असा हा साधा तर्क. आपल्याकडच्या ‘छडी लागे छमछम’ संस्कृतीत वाढलेल्यांना तो पटायला वेळ लागत नाही.

पण हा धडा खरोखर बसतो का? न्यूयॉर्क जायंट्स संघाचे प्रशिक्षक टॉम कॉफलिन यांचेच दोन खेळाडू पाहू.

पहिला टिकी बार्बर. २००० ते २००३ या चार मोसमांत या गुणी धावपटूच्या हातून तब्बल ३५ वेळा चेंडू सुटला होता. २००४ मध्ये कॉफलिन संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांनी आणि त्यांच्या सहायकाने बार्बरला बाकावर बसवले नाही. चेंडू धरायला पुन्हा पहिल्यापासून शिकवले. चेंडू कमरेपाशी हेलकावे खात न्यायचा नाही. त्याचे टोक बोटांच्या पंजात, दुसरे टोक कोपराच्या बेचक्यात, मनगट कोपराच्या वर आणि चेंडू छातीशी घट्ट. दिसायला क्षुल्लक वाटणारा हा बदल सवयीत मुरवायला किती मेहनत पडली असेल, हे वयाच्या तिशीत हस्ताक्षर सुधारायला बसलेल्या कुणालाही विचारावे. त्या मोसमात चेंडू पाच वेळा सुटला, २००५ मध्ये फक्त एकदा. आणि त्याच २००५ मध्ये बार्बर १,८६० यार्ड धावला. त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वोत्तम मोसम.

दुसरा डेव्हिड विल्सन. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये डॅलस काउबॉइजविरुद्ध आयुष्यातला पहिलाच व्यावसायिक सामना खेळताना या पोराच्या हातून चेंडू सुटला आणि कॉफलिन यांनी त्याला बाकावर बसवले. पुढचे कित्येक आठवडे त्याच्या हाती चेंडू क्वचितच पडला. डिसेंबरमध्ये न्यू ऑर्लिन्सविरुद्ध संधी मिळाली तेव्हा त्याने एका सामन्यात सर्व प्रकारे मिळून ३२७ यार्ड काढले. जायंट्सच्या इतिहासातला तो विक्रम. शिक्षेचे समर्थक म्हणाले, पाहा, धडा बसला! पण २०१३ चा पहिलाच सामना पुन्हा डॅलसशी होता आणि त्यात विल्सनच्या हातून चेंडू एकदा नव्हे, दोनदा सुटला. पुन्हा बाक. त्याच वर्षी मानेला दुखापत झाली आणि २०१४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याला खेळच सोडावा लागला.

दोन माणसांवरून सिद्धांत मांडू नये, हे खरे. बार्बर मुरलेला होता, विल्सन कोवळा. शिवाय विल्सनला सरावात काहीच शिकवले नसेल, असेही नाही. तरी एक गोष्ट उघड आहे. चेंडू हातातून सुटतो तो हाताच्या सवयीमुळे, आणि बाकावर बसलेल्याच्या हातात चेंडू नसतो. बसून लाज वाटते, राग येतो, कदाचित निश्चयही होतो. पण मनगट कोपराच्या वर जात नाही.

दुसरी अडचण न्यायाची. २४ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि डेन्व्हर ब्रॉन्कोज यांचा सामना होता. पेट्रियट्सच्या पहिल्या तीनही चढाया फंबलवर संपल्या. पहिला चेंडू सुटला स्टीव्हन रिडलीच्या हातून, दुसरा साक्षात टॉम ब्रेडीच्या, तिसरा लगॅरेट ब्लाउंटच्या. मध्यंतराला संघ ०-२४ असा मागे. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी रिडलीला उरलेल्या सामन्यात बसवले आणि पुढच्या सामन्यात तर गणवेशही चढवू दिला नाही. ब्रेडी अर्थातच खेळत राहिला आणि पेट्रियट्सनी तो सामना अतिरिक्त वेळेत ३४-३१ असा जिंकला.

निर्णय म्हणून बेलिचिक चुकले असे कोण म्हणेल? ब्रेडीला बसवणे म्हणजे कुऱ्हाडीवर पाय मारून घेणे. रिडलीच्या हातून तो चेंडू काही पहिल्यांदाच सुटला नव्हता, हेही खरे. पण मग या शिक्षेला ‘शिस्त’ हे नाव तरी देऊ नये. ज्याच्या जागी दुसरा उभा करता येतो तोच बसतो, हा व्यवहार झाला. संघातल्या मुलांना तो नीट कळतो. चुकीची किंमत चुकीवर ठरत नाही, चुकणाऱ्याच्या पतीवर ठरते, एवढेच ती त्यातून शिकतात.

त्यातही नशिबाचा वाटा आहेच. निमुळता चेंडू जमिनीवर कसा उसळेल, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. हातून सुटलेल्या चेंडूंपैकी साधारण निम्मे पुन्हा स्वतःच्याच संघाला मिळतात. म्हणजे दोघांनी सारखाच गलथानपणा केला, तरी एकाचा चेंडू सहकाऱ्याच्या अंगाखाली सापडतो आणि दुसऱ्याचा प्रतिस्पर्ध्याच्या. पहिल्याला कुणी हूं की चूं करत नाही आणि दुसरा बाकावर जातो.

क्वार्टरबॅकची गोष्ट आणखी वेगळी. त्याचे काम चेंडू फेकण्याचे. जो फेकतो, त्याचाच झेलला जाणार. पेटन मॅनिंगने १९९८ च्या आपल्या पहिल्या मोसमात २८ इंटरसेप्शन दिली. नवख्या खेळाडूच्या नावावरचा हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. इंडियानापोलिस कोल्ट्सने त्या वर्षी सोळांपैकी फक्त तीन सामने जिंकले. प्रशिक्षक जिम मोरा यांनी तरीही सोळाच्या सोळा सामन्यांत त्यालाच उतरवले. पुढच्या वर्षी त्याच संघाने तेरा सामने जिंकले आणि मॅनिंग पुढे पाच वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ती २८ इंटरसेप्शन म्हणजे त्याची शिकवणीची फी होती, असे आज म्हणता येते. पाचव्या-सहाव्या सामन्यानंतर त्याला बसवले असते, तर तो कदाचित शिकला असता ते एवढेच, की लांब फेकू नये. न फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा संघ चेंडू गमावत नाही, पण सामनेही जिंकत नाही.

याचा अर्थ धीर अमर्याद असावा, असा नव्हे. टँपा बेच्या जेमिस विन्स्टनने २०१९ मध्ये, पाचव्या मोसमात, ३३ टचडाऊन पास दिले आणि ३० इंटरसेप्शन. एकाच मोसमात दोन्ही आकडे तिशीला नेणारा तो पहिलाच. पाच वर्षे वाट पाहून संघाने त्याला निरोप दिला, टॉम ब्रेडीला आणले आणि त्याच मोसमाच्या शेवटी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, सुपर बोल जिंकला. शिकवून, संधी देऊन, पुरेसा काळ थांबूनही चूक जात नसेल, तर माणूस बदलणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्यच आहे. एका संध्याकाळच्या रागातून घेतलेला निर्णय आणि पाच वर्षांच्या हिशेबातून घेतलेला निर्णय, या दोन्हींना ‘बसवणे’ हाच शब्द वापरला जातो, एवढाच घोटाळा.

या साऱ्या चर्चेत क्लीव्हलँड ब्राउन्सच्या अर्नेस्ट बायनरला विसरून चालणार नाही. १७ जानेवारी १९८८, डेन्व्हर. जिंकणारा संघ थेट सुपर बोलमध्ये जाणार होता. मध्यंतराला ३-२१ असा मागे पडलेला क्लीव्हलँड संघ झुंजत ३१-३८ पर्यंत आला होता. मिनिटभराचा खेळ शिल्लक असताना बायनर चेंडू घेऊन निघाला. समोर मोकळी वाट आणि बरोबरी साधणारी रेषा दोन-तीन यार्डांवर. तेवढ्यात जेरेमाया कॅस्टिलने त्याच्या हातातला चेंडू खेचून काढला. सामना गेला. अमेरिकेत तो प्रसंग आजही नुसत्या ‘द फंबल’ या नावाने ओळखला जातो.

प्रशिक्षक मार्टी शॉटेनहायमर यांच्याकडे तेव्हा बळीचा बकरा आयता उभा होता. त्यांनी मात्र जगाला दुसरीच बाजू दाखवली. त्या दिवशी बायनरने १८७ यार्ड आणि दोन टचडाऊन कमावले होते. तो नसता, तर बरोबरीची वेळच आली नसती. एवढेच नव्हे, ज्या सहकाऱ्याने कॅस्टिलला अडवायचे तो जागच्या जागी थबकला होता, हेही त्यांनी सांगितले. चूक डोळ्यांना दिसली एकाची. ती घडायला हातभार लागला होता दुसऱ्याचा. हे पाहायला राग गिळून चित्रफीत पुन्हा लावावी लागते.

बायनर पुढचा मोसम क्लीव्हलँडकडूनच खेळला. १९८९ मध्ये वॉशिंग्टनकडे गेला, तिथे १९९० आणि १९९१ अशा लागोपाठ दोन मोसमांत हजार यार्डांच्या वर धावला आणि जानेवारी १९९२ च्या सुपर बोलमध्ये टचडाऊन करून विजेत्या संघात उभा राहिला. निवृत्तीनंतर त्याने पोट भरायला निवडलेले काम मोठे बोलके आहे. व्यावसायिक संघांतल्या धावपटूंचा तो प्रशिक्षक झाला. चेंडू छातीशी कसा धरायचा, हे तरुण मुलांना तो वर्षानुवर्षे शिकवत राहिला.

तेव्हा प्रशिक्षकाने बसवावे की नाही? जरूर बसवावे; पण बसवताना स्वतःला एक प्रश्न विचारावा. हा मुलगा बाकावर असताना मी त्याला काय शिकवणार आहे? उत्तर तयार असेल, म्हणजे उद्या सकाळी त्याच्या हातात चेंडू देऊन दोनशे वेळा तो खेचायचा कार्यक्रम आखलेला असेल आणि परतीचा दिवसही त्याला सांगितलेला असेल, तर बाक ही शाळा आहे. उत्तर नसेल, तर ती नुसती प्रेक्षकांच्या रागाला दिलेली दाद. व्यावसायिक खेळाडूला निदान त्याचे पैसे तरी मिळतात. शाळेच्या मैदानावर उभ्या असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला खेळायलाच फार तर तीन-चार मोसम मिळणार असतात. त्यांतला एक आपण रागाच्या भरात काढून घेतला, तर तो त्याला परत कोण देणार?