कावडीचा खांदा

महाराष्ट्र शासनाच्या वृद्धांसाठीच्या मासिक मदतीचं अधिकृत नाव ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना’ असं आहे. नाव ठेवणाऱ्याच्या मनात मातृपितृभक्ती असणार, यात शंका नाही. पण तीच कथा जरा कारभाऱ्याच्या नजरेनं वाचली तर वेगळं काही दिसतं. आंधळे आईबाप दोन टोपल्यांत, मध्ये काठी आणि काठीखाली एकच खांदा. तो खांदा पाणी आणायला गेला, दशरथाचा बाण लागला आणि कावड जमिनीवर राहिली ती राहिलीच. भक्ती कुठंच उणी नव्हती, दुसरा खांदा नव्हता. आपल्याकडे वृद्धांच्या देखभालीची घडण आजही जवळपास हीच आहे. एका टोपलीत आरोग्य : दवाखाना, शस्त्रक्रिया, औषधं. दुसरीत बाकीचं सगळं : पेन्शन, रेशन, वॉकर, अंघोळ, सोबत, दाखले. दोन्हींचा तोल सांभाळायला घरातलं एक माणूस, बहुतेक वेळा सून किंवा लेक. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपण टोपल्यांत बरंच काही भरलं, खांद्याकडे मात्र पाहिलं नाही. ते पाहायचं तर खाती एकत्र करण्यापासून सुरुवात करून भागणार नाही. नावानं ओळखता येईल असा पगारी माणूस त्या घरासाठी नेमण्यापासून ती करावी लागेल, असं मला वाटतं.

टोपल्या रिकाम्या आहेत, अशी तक्रार करायला फारशी जागा नाही. 1999 मध्ये केंद्राचं ज्येष्ठांविषयीचं राष्ट्रीय धोरण आलं, 2007 मध्ये आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा, 2010-11 मध्ये आरोग्य मंत्रालयाचा वृद्धांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम. 2021 पासून 14567 ही हेल्पलाइन देशभर आहे. 2024 मध्ये राज्यानं मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांसाठी एकरकमी 3,000 रुपये देऊ केले आणि त्याच वर्षी केंद्रानं सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेत घेतलं. गंमत अशी की सरकारच्या लेखी माणूस पाचदा म्हातारा होतो. निर्वाहाच्या कायद्यासाठी साठाव्या वर्षी, श्रावणबाळसाठी पासष्टाव्या, आयुष्मानसाठी सत्तराव्या, एसटीच्या मोफत प्रवासासाठी पंचाहत्तराव्या आणि केंद्राच्या पेन्शनचा हिस्सा 200 वरून 500 रुपये व्हावा यासाठी ऐंशीव्या. प्रत्येक वाढदिवसाला नवा अर्ज आणि नवं टेबल. 2011 च्या जनगणनेत साठीपुढचे लोक महाराष्ट्रात 1 कोटी 11 लाखांच्या आसपास होते, दर दहा माणसांत जवळजवळ एक. त्यांतल्या ज्यांना या सगळ्याची सर्वांत जास्त गरज आहे, नेमके तेच टेबलापर्यंत चालत जाऊ शकत नाहीत.

एक कल्पित उदाहरण घेऊ. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत 78 वर्षांच्या आजी एकट्या राहतात. जागा मुद्दाम निवडली आहे. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, आणि राज्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त असलेले जिल्हेही हे दोनच. मुलं मुंबईला आणि आई गावी, हा इथला अपवाद नव्हे, रिवाज आहे. आजी पडवीत पाय घसरून पडतात, खुब्याचं हाड मोडतं. शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून होते, चांगली होते. पाचव्या-सहाव्या दिवशी डिस्चार्ज. त्या कागदावर लिहिलेलं असतं : वॉकर वापरा, उकिडवं बसू नका, व्यायाम करा, पंधरा दिवसांनी दाखवा. आता वॉकर वयोश्रीच्या पैशातून घ्यायचा तर अर्ज समाजकल्याणकडे. उकिडवं बसायचं नाही तर कमोडची खुर्ची हवी, ती कोणत्या योजनेत बसते हे विचारायला माणूस नाही. टाके पाहायला आणि बीपी-साखर तपासायला प्राथमिक आरोग्य केंद्र, ते जिल्हा परिषदेचं. शस्त्रक्रिया झाली ते रुग्णालय राज्य शासनाचं, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतलं. म्हणजे ‘आरोग्य’ नावाच्या एकाच टोपलीतही मध्ये भिंत आहे आणि डिस्चार्जचा कागद ती भिंत आपोआप ओलांडत नाही. श्रावणबाळचे महिन्याचे 1,500 रुपये चालू राहायला हयातीचा दाखला देवरुखच्या तहसील कचेरीत संजय गांधी शाखेकडे पोचायला हवा. रेशनच्या यंत्रावर झिजलेल्या बोटांचा ठसा उमटत नाही, तो वेगळा विषय. या साखळीतल्या एकाही कर्मचाऱ्यानं कामचुकारपणा केलेला नाही, हे इथं ध्यानात घ्यायला हवं. प्रत्येकानं आपापलं काम केलं आहे. तरीही दोन महिन्यांनी आजी अंथरुणाला खिळलेल्या असू शकतात.

अशीच एक कल्पित बाई इंग्लंडमध्ये सरकारी कारभाराच्या कामी आली होती. डेव्हन परगण्यातला टॉर्बे हा समुद्रकाठचा भाग, निवृत्त मंडळींच्या आवडीचा. तिथल्या आरोग्यसेवेच्या लोकांनी ‘मिसेस स्मिथ’ नावाची पंचाऐंशीच्या घरातली बाई कल्पिली आणि प्रत्येक प्रस्तावाला एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली : यानं मिसेस स्मिथच्या आयुष्यात काय फरक पडेल? त्यांच्या अडचणीचं मूळ जुनं होतं. 5 जुलै 1948 या एकाच दिवशी ब्रिटनमध्ये दोन कायदे अमलात आले. एकानं दवाखाना सर्वांना मोफत केला. दुसऱ्यानं वृद्धांची निवाऱ्याची आणि देखभालीची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली, तीही ऐपत तपासून. म्हणजे खुब्याचं हाड मोडलं तर खर्च सरकारचा, आणि नंतर अंघोळ घालायला बाई हवी तर आधी बचतीचा हिशेब दाखवा. खाटेवरचा रुग्ण बरा होतो, पण घरी पाठवायची सोय नसल्यानं खाट अडते. हे दुखणं तिथं आजही आहे.

टॉर्बेनं 2004 मध्ये ब्रिक्सहॅम या गावात प्रयोग केला आणि पुढच्या वर्षी दोन्ही सेवा एका संस्थेखाली आणल्या. पाच विभागांत परिचारिका, समाजसेवक, फिजिओथेरपिस्ट एका छताखाली बसू लागले. पण मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी जागा : समन्वयक. हा माणूस डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे, पदवीधर समाजसेवकही असावाच लागे असं नाही. फोन तो घेणार, कुणाला काय हवं ते टिपून घेणार, योग्य माणसाला कामाला लावणार आणि काम झालं का ते पुन्हा विचारणार. आपल्याकडे लग्नघरात एक काका असतात, ज्यांना मांडववाला, आचारी, भटजी आणि रुसलेला व्याही हे सगळे एकाच वेळी ठाऊक असतात. जवळपास तेच काम, फक्त पगारी. टॉर्बेतल्या रुग्णालयात रोज सरासरी भरलेल्या खाटा 1998-99 मध्ये 750 होत्या, त्या 2009-10 मध्ये 502 वर आल्या. हे सारं श्रेय समन्वयकांना देणं भाबडेपणाचं होईल. त्या काळात उपचारांच्या पद्धती बदलल्या, रुग्णालयात राहण्याचे दिवस सगळीकडेच घटत होते. पण आकडा पुरेसा बोलका आहे.

इथं पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. टॉर्बेचं यश पाहून इंग्लंडनं देशभर एकीकरणाचा सपाटा लावला. 2015 पासून दोन्ही बाजूंचा पैसा काही प्रमाणात एकत्र करणारा निधी आला, 2022 मध्ये कायद्यानं 42 एकात्मिक प्रादेशिक व्यवस्था उभ्या राहिल्या. पण तिथल्याच राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं 2017 मध्ये बजावलं की एकीकरणामुळे टिकाऊ आर्थिक बचत होते किंवा रुग्णालयांवरचा भार कमी होतो, याला भक्कम पुरावा नाही. मग हा खटाटोप कशासाठी? माझं उत्तर असं की पुरावा फसला तो बचतीच्या दाव्याचा. समन्वय पैसे वाचवतो या आश्वासनावर तो विकला गेला, आणि घरी जाऊन नीट चौकशी केली की आजवर कुणाला न दिसलेल्या गरजा बाहेर येतात, खर्च आधी वाढतोच. अमेरिकी अभ्यासक वॉल्टर ल्यूट्झ यांनी 1999 मध्येच दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. एकीकरणाचा खर्च फायद्याच्या आधी येतो. आणि सगळ्या सेवा सगळ्यांसाठी जोडणं शक्य नसतं. थोड्या लोकांसाठी सगळ्या जोडता येतात किंवा सगळ्यांसाठी थोड्या. इंग्लंडनं देशभर गेली कित्येक वर्षं नकाशे आणि मंडळं बदलण्यात घालवली. टॉर्बेनं आधी दारात माणूस उभा केला होता. क्रमाचा हा फरक मला निर्णायक वाटतो.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा आणि अधिक भावनेचा : हे सगळं पाश्चात्त्यांचं, आपल्याकडे घर आहे. या आक्षेपाला उत्तर जपान देतो, कारण जपानही हेच म्हणत होता. तिथंही थोरल्या मुलाच्या बायकोनं सासूसासऱ्यांचं करायचं ही रीतच होती. 1973 मध्ये वृद्धांचे उपचार मोफत झाले आणि घरी करायला कुणी नाही म्हणून म्हातारी माणसं महिनोन्‌महिने रुग्णालयांत राहू लागली. या प्रकाराला तिथं ‘सामाजिक भरती’ अशा अर्थाचा शब्दच रूढ झाला. हिगुची केइको यांच्यासारख्या कार्यकर्त्या स्त्रियांनी सुनांच्या वतीनं आवाज उठवला. एप्रिल 2000 पासून तिथं देखभाल विमा सुरू झाला : चाळिशीनंतर प्रत्येकानं हप्ता भरायचा, निम्मा खर्च करांतून, विमा चालवणारी संस्था म्हणजे गावची नगरपालिका. आणि प्रत्येक लाभार्थ्यासाठी एक केअर मॅनेजर, जो आठवड्याचं वेळापत्रक आखतो. कुटुंब त्यामुळे संपलं नाही, त्याच्यावरचा भार वाटला गेला. आपल्या सुनेचं काम कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही, म्हणून ते फुकट आहे असं वाटतं. ती नोकरी सोडते तेव्हा तिचा पगार जातो, एवढा हिशेब तरी मांडायला हरकत नाही.

पण जपानइतका पैसा आपल्याकडे नाही, हे खरंच. म्हणून केरळकडे पाहायला हवं. 1993 मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं छोटं केंद्र सुरू केलं, मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांसाठी. लवकरच लक्षात आलं की वेदना मॉर्फिननं थांबते, पण घरात तांदूळ नसतो, मुलाची शाळा सुटलेली असते, आणि ते पाहणं डॉक्टरच्या आवाक्यातलं नाही. मग शेजारपाजारचे स्वयंसेवक तयार झाले, मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत गावोगाव गट उभे राहिले, आणि अंथरुणाला खिळलेले वृद्ध आपोआप त्यांच्या कक्षेत आले. 2008 मध्ये केरळनं शुश्रूषेचं स्वतंत्र धोरण केलं, तेव्हा ग्रामपंचायतींनी नेमलेल्या परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. हे केवळ मल्याळी माणसाच्या कनवाळूपणामुळे घडलं, असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं. 1996 पासूनच्या लोकनियोजन मोहिमेत राज्यानं आपल्या योजना खर्चाचा 35 ते 40 टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे वळवला होता. सरपंचाकडे पैसा आणि अधिकार होता, म्हणून परिचारिका नेमता आली.

‘मग आपल्याकडे आशाताई आहेतच की,’ हा सूचनावजा आक्षेप लगेच येतो, आणि तो सर्वांत धोकादायक आहे. हजार लोकवस्तीमागे एक आशा, मोबदला काही अंशी कामागणिक, आणि तिच्या पिशवीत गरोदर बाईपासून क्षयरोगापर्यंतची रजिस्टरं आधीच कोंबलेली. तिच्यावर वृद्धांचं आणखी एक रजिस्टर लादलं तर समन्वय कागदावर होईल. थोडं गणित करून पाहू. सपाटीवरचं प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण 30,000 लोकांसाठी असतं. त्यांत वृद्ध तीनेक हजार. ल्यूट्झ यांचा सल्ला मानून सगळ्यांच्या मागे न लागता एकटे, अंथरुणाला खिळलेले किंवा नुकतेच रुग्णालयातून आलेले एवढेच धरले, शंभरात पाच समजा, तर दीडशे घरं होतात. जपानी केअर मॅनेजरकडे चाळिसेक माणसं असतात. आपला माणूस पन्नास सांभाळेल असं धरलं तर केंद्रामागे तिघं. राज्यात अशी 1,800 च्या आसपास केंद्रं आहेत, म्हणजे 5,400 माणसं. महिना 20,000 रुपये दिले तर वर्षाला 130 कोटींच्या आत. दहा लाख वृद्धांना वयोश्रीचे 3,000 रुपये एकदा वाटले तर 300 कोटी जातात, आणि कुणाला काठी हवी नि कुणाला वॉकर, हे पाहायला तरीही कुणी जात नाही. माझे आकडे गृहीत धरलेले आहेत, कुणी खोडून काढावेत. पण खोडताना ‘परवडत नाही’ असं मोघम म्हणता येणार नाही.

खरी अडचण पैशापेक्षा अधिकाराची आहे. नुसता चौकशी करणारा माणूस नेमला तर तो आणखी एक निरोप्या होईल. जपानी केअर मॅनेजरच्या शब्दाला वजन आहे, कारण त्यानं लिहिलेल्या आराखड्यामागे विम्याचा पैसा येतो. संगमेश्वरच्या आजींसाठी नेमलेल्या माणसाला निदान तीन गोष्टी करता आल्या पाहिजेत : रुग्णालयानं डिस्चार्ज करण्याआधी त्याला कळवणं बंधनकारक असावं, तालुक्याच्या साठ्यातून वॉकर किंवा खुर्ची त्याच्या सहीवर मिळावी, आणि हयातीचा दाखला घरी जाऊन त्यानं घेतलेला तहसीलला मान्य असावा. तिन्हींसाठी नवा कायदा लागणार नाही. पण आरोग्य, समाजकल्याण आणि महसूल या तीन खात्यांनी आपल्या सहीचा थोडा मान सोडावा लागेल. कचेऱ्यांचा अनुभव असलेल्या वाचकाला ही किंमत 130 कोटींपेक्षा जड वाटेल.

केरळच्या स्वयंसेवकांसारखं काही कोकणात नाही, असंही नाही. बहुतेक गावांची मुंबईत मंडळं आहेत. देवळाचं छप्पर, शाळेची खोली, पाण्याची टाकी यांसाठी वर्गणी काढायची त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, आणि वाडीत कुठल्या घरी कोण एकटं आहे हे त्यांना कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा नेमकं ठाऊक असतं. गणपतीत चाकरमानी घरी येतात, तेव्हा आईचा वॉकर आणला जातो, गोळ्यांचा डबा भरला जातो, दोन दिवस तहसीलच्या खेपा होतात. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की परतीची गाडी. मग डिस्चार्जचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माजघरातल्या खुंटीला अडकवलेला असतो, आणि त्यावरची पुढच्या तपासणीची तारीख उलटून कितीतरी दिवस झालेले असतात.