मोर्चापासून उंबरठ्यापर्यंत

जाहीर चळवळीने समाज पुढे जातो की दुभंगतो, हा प्रश्न मराठवाड्याने प्रत्यक्ष भोगून पाहिला आहे. गेल्या अर्धशतकात नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांनी जातीच्या प्रश्नावरचे आंदोलन पाहिले, श्रद्धेच्या आडून होणाऱ्या फसवणुकीविरुद्धची मोहीम पाहिली आणि भूकंपानंतर घराघरांत पोचलेले विज्ञानही पाहिले. तिन्हींचे अनुभव वेगळे असले, तरी त्यांतून निघणारा निष्कर्ष बराचसा सारखा आहे.

नामांतर: ठराव आणि गाव

मराठवाडा विद्यापीठ 1958 मध्ये औरंगाबादेत सुरू झाले. त्याआधी 1950 मध्येच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत तेथे महाविद्यालय काढले होते. निजामी राजवटीत शिक्षणापासून वंचित राहिलेल्या प्रदेशासाठी ते फार मोठे काम होते. विद्यापीठाला त्यांचे नाव द्यावे, या मागणीमागे ही कृतज्ञता होती. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला आणि मराठवाड्यात दंगली उसळल्या. दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्याला मोठी झळ बसली. टेंभुर्णी गावात पोचीराम कांबळे यांची हत्या झाली.

विद्यापीठाचे नाव हे निमित्त होते. दलितांनी येसकरकी (गावाची परंपरागत राखण) आणि मेलेली जनावरे ओढण्याची कामे सोडली होती. त्यांची मुले शिकत होती, काही कुटुंबे गायरान कसू लागली होती. त्याबद्दलचा गावातला राग ठरावाच्या बातमीने बाहेर पडला. दुसरीकडे, ‘मराठवाडा’ हे नाव 17 सप्टेंबर 1948 च्या निजामी राजवटीतून मुक्तीशी जोडलेले असल्याने ते बदलू नये, असे मानणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे स्वातंत्र्यसैनिकही होते. या मतभेदावर गावोगाव बोलणे व्हायला हवे होते, ते झाले नाही. म्हणून शहरात मोर्चे निघाले आणि सूड मात्र गावकुसाबाहेरच्या भूमिहीनांवर उगवला गेला.

हिंसेचा दोष ती करणाऱ्यांचाच आहे; न्याय्य मागणी करणाऱ्यांकडे तो वळवता येत नाही. दंगलींनंतर ठरावाची अंमलबजावणी रखडली; तेव्हा चळवळ थांबली असती, तर प्रश्न तिथेच मिटवला गेला असता. 1979 चा लाँग मार्च, सत्याग्रह आणि तुरुंगवास यांनी तो जिवंत ठेवला. 25 नोव्हेंबर 1993 रोजी गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी नांदेडमध्ये आत्मदहन केले. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला आणि ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ या नावात दोन्ही भावना सामावल्या. त्याच वर्षी नांदेडला मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने स्वतंत्र विद्यापीठ निघाले. लातूर जिल्हा त्याच्याच कार्यक्षेत्रात आला. या साऱ्याला सोळा वर्षे लागली.

जादूटोणा: श्रद्धा आणि फसवणूक

जादूटोणाविरोधी कायद्याची वाट नामांतराहूनही लांब होती. 1995 मध्ये विधान परिषदेत अशासकीय ठराव मंजूर झाला, कायदा झाला 2013 मध्ये. कीर्तन आणि वारीवर गदा येईल, ही वारकऱ्यांची भीती वाटेतला सर्वांत मोठा अडसर होती. चर्चेतून मसुदा बदलत गेला. नावातून ‘अंधश्रद्धा’ हा शब्द गेला. वारी, कीर्तन, प्रवचन, भजन, उपासना यांना कायदा लागू नाही, असे स्पष्ट लिहिले गेले. अनुसूचीत बारा प्रकारची कृत्ये नेमकी सांगितली आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे त्यात आहे, तसेच साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून गंडेदोरे करणेही आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

20 ऑगस्ट 2013 रोजी या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली आणि काही दिवसांतच वटहुकूम निघाला. त्याखालचा पहिला गुन्हा सप्टेंबर 2013 मध्ये नांदेडला नोंदला गेला. कर्करोग, मधुमेह आणि एड्स बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात हे त्याचे कारण होते. कायद्याचा रोख देवावर नसून भोंदूगिरीवर आहे, हे त्यातून दिसले.

गावात मात्र कलम सांगून भागत नाही. मांत्रिकाकडे गेल्यावर ‘गुण आला’ हा लोकांचा अनुभव खोटा नसतो. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष अंगात शिरतेच असे नाही. असा रुग्ण मंत्राविनाही वाचतो, श्रेय मात्र मांत्रिकाला जाते. नाग किंवा मण्याराचे विष अंगात भिनले असेल, तर सर्पविषरोधक लसीवाचून इलाज नाही आणि मांत्रिकाकडे गेलेला वेळ जिवावर बेततो. हे समजावणारा कार्यकर्ता अनुभव खोडत नाही, त्याचे कारण सांगतो. केसांत जट झालेल्या बाईचेही तसेच आहे. जट कापली तर देवीचा कोप होऊन घरात कोणी दगावेल, ही तिची भीती खरी असते. तिची आणि घरच्यांची संमती मिळेपर्यंत अनेकदा जावे लागते, तेव्हा कुठे कात्री लागते.

किल्लारी: भिंत आणि विश्वास

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि जड माळवदांखाली दबून गेली. त्यानंतर लोकांचा दगडावरचाच विश्वास उडाला. माळवदावरची माती कमी करावी, भिंतीत आरपार जाणारे दगड घालावेत, वर पट्टा बांधावा, म्हणजे दगडी घरही टिकते, हे तज्ज्ञांना ठाऊक होते. ते घरोघर पटवण्यासाठी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावांतील बायकांनी ‘संवाद सहायक’ म्हणून काम केले. तांत्रिक सल्ला शेजारणीच्या तोंडून आला आणि दुरुस्तीची कामे उभी राहिली.

कस कोणता?

दाबून ठेवलेला प्रश्न जाहीर चळवळीशिवाय ऐरणीवर येत नाही. नामांतर आणि जादूटोणा कायदा ही त्याची प्रमाणे आहेत. चळवळ घातक ठरते ती तीन ठिकाणी: जिथे ठराव होतो पण गावाशी बोलणे होत नाही, जिथे फसवणुकीवरचा हल्ला श्रद्धेवरचा हल्ला वाटतो, आणि जिथे दुबळ्यांच्या संरक्षणाची तजवीज आधी केलेली नसते. यातल्या शेवटच्या गोष्टीची जबाबदारी सर्वप्रथम शासनाची आहे. संवादाची जबाबदारी मात्र चळवळीला स्वतःच उचलावी लागते, आणि ती जिथे उचलली गेली तिथे झालेला बदल टिकला आहे.