टेपयंत्रांवरील देखरेखीची पूर्वतयारी

फेब्रुवारी २०११ च्या अखेरीस गुगलच्या जीमेल सेवेतील काही ग्राहकांना आपली टपालपेटी अकस्मात रिकामी झालेली आढळली. आणि कंपनीने मागाहून जो खुलासा प्रसिद्ध केला त्यावरून असे निष्पन्न झाले की, साठवणीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या एका बदलातून दोष उद्भवला होता, निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीही त्या दोषाच्या तडाख्यातून सुटल्या नव्हत्या, आणि अखेरीस जी प्रत उपयोगी पडली ती चुंबकीय टेपवर उतरवून संगणकांच्या जाळ्यापासून अलग ठेवलेली होती. बाधित ग्राहकांचे प्रमाण कंपनीने ०.०२ टक्के इतकेच सांगितले, परंतु ज्याचा पत्रव्यवहार नाहीसा झाला त्याला टक्केवारीचे समाधान ते काय? टेप हे माध्यम कालबाह्य झाले असा समज सर्वत्र रूढ असताना आजही जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेपासून मोठमोठ्या पेढ्यांपर्यंत अनेकांचे अखेरचे दप्तर टेपवरच असते.

अर्धा इंच रुंदीची टेप आयबीएमने १९५२ साली आपल्या ७२६ क्रमांकाच्या यंत्रासाठी वापरली, आणि आजच्या एलटीओ जातीच्या टेपची रुंदीही जवळजवळ तितकीच आहे. मात्र २०२१ मध्ये आलेल्या एलटीओच्या नवव्या पिढीत त्या रुंदीवर ८,९६० रेषा आखलेल्या असतात, १,०३५ मीटर लांबीची टेप तळहातावर मावेल अशा एका कार्ट्रिजमध्ये गुंडाळलेली असते, आणि तीत १८ टेराबाइट मजकूर मावतो. इतक्या सूक्ष्म रेषांवर लिहिताना चुका होणारच, हे गृहीत धरूनच यंत्राची रचना केलेली असते. यंत्र लिहिते, लिहिलेले त्याच क्षणी वाचून पाहते, आणि वाचन समाधानकारक नसेल तर तोच भाग पुढे पुन्हा लिहिते. हे सारे बाहेर कोणास कळू न देता चालते. म्हणूनच यंत्राचे शिर मळू लागले किंवा टेप झिजू लागली, तरी रात्रीचा बॅकअप सकाळी ‘यशस्वी’ असाच शेरा दाखवीत राहतो, आणि दुरुस्त्यांची संख्या मात्र आत वाढत जाते. एखाद्या दिवशी ही दुरुस्तीची शक्ती संपते, आणि तो दिवस बहुधा जुना मजकूर परत मागण्याचा असतो. देखरेखीच्या सॉफ्टवेअरची गरज येथे निर्माण होते, कारण दुरुस्त्यांचे ते आकडे यंत्र स्वतः नोंदवून ठेवते. कोणी विचारले तर सांगते, आणि कोणी विचारलेच नाही तर गप्प राहते.

परंतु विचारणे ही क्रियाच येथे निरुपद्रवी नाही, आणि माझ्या मते पूर्वतयारीचे सारे मर्म याच एका गोष्टीत आहे. टेपअलर्ट नावाची एक व्यवस्था या यंत्रांत असते. तिच्यात ६४ निशाणे ठरवून दिलेली असून, ‘आता सफाई करा’, ‘कार्ट्रिजचे आयुष्य संपत आले’, ‘लेखन अयशस्वी झाले’ अशा प्रकारचे इशारे त्यांतून मिळतात. पुष्कळ यंत्रांत हे निशाण एकदा वाचले गेले की खाली येते. ज्या सर्व्हरवर बॅकअपचे सॉफ्टवेअर आधीपासून ही निशाणे वाचीत आहे, त्याच सर्व्हरवर देखरेखीचे दुसरे सॉफ्टवेअर विचार न करता बसविले, तर दोघांपैकी जो आधी विचारील त्यालाच इशारा मिळतो आणि दुसऱ्याच्या दृष्टीने काही घडलेलेच नसते. कचेरीत आवक टपाल एका कारकुनाने फोडून बारनिशीत न नोंदविता आपल्या खणात ठेवावे, आणि दुसऱ्याने बारनिशी चाळून टपाल आलेच नाही असा निर्वाळा द्यावा, तसा हा प्रकार होतो. तेव्हा ही निशाणे कोण वाचणार, आणि वाचणारा ती दुसऱ्यास कशी कळविणार, याचा निर्णय सॉफ्टवेअर बसविण्यापूर्वीच लेखी व्हावयास हवा.

याहूनही गंभीर धोका नावांचा आहे. लिनक्स प्रणालीत एकाच टेपयंत्राला अनेक नावे मिळतात. ‘एसटी’ या नावाने यंत्र उघडले तर काम संपून ते बंद होताच टेप आपोआप आरंभापर्यंत गुंडाळली जाते. ‘एनएसटी’ या नावाने उघडले तर ती होती तेथेच थांबते. आणि ‘एसजी’ या तिसऱ्या नावाने टेपच्या स्थानाला धक्का न लावता यंत्राशी थेट प्रश्नोत्तर करता येते. रात्रीच्या दोन बॅकअपांच्या मधल्या अवकाशात देखरेखीच्या सॉफ्टवेअरने पहिल्या नावाने यंत्र उघडले आणि बंद केले, तर टेप आरंभापाशी येते, आणि टेप आपण सोडली तेथेच आहे अशा समजुतीने पुढचा बॅकअप सुरू झाला तर तो आधीच्या मजकुरावरच लिहिला जाण्याची भीती असते. रक्षणासाठी नेमलेल्याच्या हातून संहार घडावा याइतकी दुःखद गोष्ट दुसरी कोणती? शिवाय या नावांपुढचे क्रमांकही स्थिर नसतात; सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केल्यावर काल शून्य क्रमांकाचे असलेले यंत्र आज एक क्रमांकाचे होऊ शकते. म्हणून यंत्राच्या अनुक्रमांकावरून सिद्ध होणारे कायमचे नाव वापरणे हाच सुरक्षित मार्ग होय, आणि त्यासाठी प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक, त्याच्या फर्मवेअरची आवृत्ती, आणि ते कोणत्या सर्व्हरला कोणत्या केबलने जोडले आहे याचा तपशील आधी जमविला पाहिजे. कार्ट्रिजांची मोजदादही याच वेळी होऊन जावी. त्यांतली सफाईची कार्ट्रिजे निराळी ओळखून ठेवावीत. त्यांच्या बारकोडची सुरुवात ‘सीएलएन’ या अक्षरांनी होते, आणि साधारणतः ५० वेळा वापरल्यावर ती निकामी होतात.

नवव्या पिढीच्या यंत्रांत आणखी एक विशेष आहे, तो ठाऊक नसल्यास पहिल्याच दिवशी विनाकारण धावपळ उडते. कोरे कार्ट्रिज प्रथम आत घातले की यंत्र त्या टेपची पारख करून तिच्याशी स्वतःला जुळवून घेते. या कामास सरासरी ४० मिनिटे आणि क्वचित दोन तासही लागतात, आणि तेवढा वेळ यंत्र दुसरे कोणतेही काम करीत नाही. पाच-दहा मिनिटे काम पुढे सरकले नाही तर यंत्र बंद पडले असे समजण्याची ज्या सॉफ्टवेअरला सवय लावलेली असते, ते अशा वेळी खोटी हाकाटी करणार. म्हणून प्रतीक्षेची मुदत आधीच वाढवून मुक्रर करावी.

अधिकाराचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. देखरेखीसाठी स्वतंत्र खाते उघडावे, त्याला यंत्रास प्रश्न विचारण्याची मुभा असावी, लेखनाची नसावी. एलटीओच्या चौथ्या पिढीपासून यंत्रातच २५६ बिटांचे सांकेतिकीकरण करता येते. त्याच्या किल्ल्यांशी या खात्याचा काडीचाही संबंध येता कामा नये. टेपसंग्रह एसएनएमपी पद्धतीने बोलत असेल, तर त्याचे प्रश्न १६१ आणि इशारे १६२ क्रमांकाच्या द्वारातून जातात. ती द्वारे ठरावीक सर्व्हरापुरतीच उघडी ठेवावीत, आणि ‘पब्लिक’ हा जगजाहीर परवलीचा शब्द तत्काळ बदलावा.

हवामानाची नोंद मात्र बहुतेक ठिकाणी विसरली जाते. पावसाळ्यात मुंबईसारख्या शहरात बाहेरच्या कोठारातून आणलेले कार्ट्रिज लगेच यंत्रात न घालता यंत्रघराच्या हवेत काही काळ रुळू द्यावे लागते. त्या काळात चुका वाढल्या तर दोष टेपचा, यंत्राचा की दमट हवेचा, हे ठरविण्यासाठी खोलीचे तापमान आणि आर्द्रता यांचे आकडे यंत्राच्या आकड्यांशेजारी, एकाच घड्याळाच्या वेळेने, नोंदलेले असले पाहिजेत.

एवढी सिद्धता झाल्यावर सॉफ्टवेअर प्रथम एकाच यंत्रावर, जुन्या आणि गरज नसलेल्या कार्ट्रिजसह बसवून पाहावे, आणि आरंभीचे काही आठवडे त्याने केवळ नोंद करावी, कोणास जागे करू नये. सुस्थितीतल्या यंत्रातही थोड्याफार दुरुस्त्या होतच असतात. आपल्या संस्थेत त्या सामान्यतः किती होतात हे कळल्याविना कोणत्या संख्येला धोका म्हणावे हे ठरविता येत नाही. ती मर्यादा ठरली म्हणजे इशारा कोणत्या व्यक्तीच्या फोनवर जाईल, ती रजेवर असता कोणाकडे जाईल, आणि सफाईचे कार्ट्रिज घालण्याचा अखत्यार रात्रपाळीच्या माणसाला आहे की नाही, हे नावानिशी लिहून ठेवावे. आणि मग उरलेल्या यंत्रांवर एकेक करून, बॅकअप चालू नसेल अशा वेळी, सॉफ्टवेअर बसवावयास घ्यावे.