हळू चालणाऱ्या गाडीचे शास्त्र

खेळण्यातल्या मोटारीचे कौतुक बहुधा तिच्या वेगावरून होते. रेडिओच्या लहरींवर चालणारा ‘रॉक क्रॉलर’ हा प्रकार त्याला अपवाद आहे. खडकांच्या राशीवरून तो माणसाच्या चालीपेक्षाही हळू सरकतो, आणि त्यातच त्याचा कस लागतो. वेगवान गाडी खड्डा उसळीसरशी ओलांडते; बांधणीतले लहानसहान दोष त्या वेगात झाकले जातात. क्रॉलरला ही सोय नाही. त्याचे एकेक चाक दगड चाचपत पुढे जाते, आणि कुठे काही सैल, जड किंवा अडलेले असेल तर ते लगेच उघडे पडते. म्हणून ही गाडी बांधणे आणि तिचा बिघाड शोधणे या दोन गोष्टी एकत्रच शिकाव्या लागतात.

या छंदाचे मूळ अमेरिकेत आहे. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेव्हाडा पर्वतात ‘रुबिकन ट्रेल’ नावाची धोंड्यांनी भरलेली वाट आहे. जीपवाल्यांचा पहिला मोठा मेळावा तिथे १९५३ साली भरला. गाडी न आपटता, न उलटता पार करणे हेच त्या वाटेवरचे कौशल्य. त्याची एक-दशांश आकारातली आवृत्ती म्हणजे आपला क्रॉलर : लांबी सुमारे अर्धा मीटर, वजन दोन ते तीन किलो.

आकार लहान केला की सगळेच त्या प्रमाणात लहान होत नाही, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले होते. लांबी दहापट कमी केली, तर भागांच्या छेदाचे क्षेत्रफळ शंभरपट कमी होते आणि वजन हजारपट. दोन टनांची जीप अशा रीतीने दोन किलोंची होते. तिचे भाग मात्र वजनाच्या मानाने दहापट दणकट ठरतात. म्हणूनच स्वतःच्या उंचीएवढ्या कड्यावरून कोसळलेला क्रॉलर सरळ केला की पुन्हा चालू लागतो. उलटण्याच्या बाबतीत मात्र लहानपणाची सवलत नाही. गाडी किती कलली की उलटेल, हे तिची रुंदी आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरते, आणि आकार बदलला तरी गुणोत्तर तेच राहते.

बांधणीतले निर्णय इथूनच सुरू होतात. बॅटरी हा सर्वांत जड भाग. ती जितकी खाली आणि पुढे बसवता येईल तितकी बसवावी. चढावर भार मागच्या चाकांकडे सरकतो आणि पुढची चाके उचलली जातात. म्हणून सपाटीवर उभी असताना साधारण साठ टक्के वजन पुढे राहील असे पाहतात. त्यासाठी काहीजण पुढच्या चाकांपाशी पितळी भाग बसवतात. तेच वजन छतावर ठेवले तर गाडी आडव्या उतारावर लगेच कलंडेल.

मोटारीच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शिअल असतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, ते या रचनेमुळे जमते. पण तीच रचना दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एक चाक हवेत उचलले गेले की त्याला फिरायला जोर लागतच नाही, आणि जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य जोर मिळतो. खडकावर एखादे चाक हवेत असणे नेहमीचेच. म्हणून क्रॉलरमध्ये डिफरन्शिअल ‘लॉक’ करतात. त्याची किंमत अशी की डांबरी रस्त्यावर गाडी मोठा वळसा घेते आणि टायर घासतात.

टायर मऊ रबराचे, आत फोम भरलेले. दाब पडल्यावर हवा बाहेर जावी म्हणून रिमला किंवा टायरला भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली तर टायर दगडाला मिठी मारण्याऐवजी चेंडूसारखा उसळतो.

आता बिघाडाकडे वळू. इथला पहिला धडा असा, की दोष जिथे दिसतो तिथेच असतो असे नाही. गाडी खडकात अडकली, आपण पुढची चाके वळवली आणि क्षणभर सगळे बंद पडले. पहिला संशय रेडिओवर जातो. वास्तविक बहुतेकदा दोष विजेच्या पुरवठ्यात असतो. चाके वळवणारी सर्व्हो मोटर दगडाशी झुंजताना खूप प्रवाह ओढते. बॅटरीचा दाब उतरवून रिसीव्हर आणि सर्व्होला वीज देणारे सर्किट तेवढा भार पेलत नाही. व्होल्टेज कोसळते आणि रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. परीक्षा सोपी आहे. गाडी हाताच्या अंतरावर ठेवावी आणि पुढची चाके विटेत अडकवून वळवावीत. जवळ असूनही ती बंद पडली, तर आधी पुरवठाच तपासावा. सर्व्होसाठी जास्त क्षमतेचे वेगळे सर्किट द्यावे.

दुसरे लक्षण : जोर दिला की गाडीचा सांगाडा एका बाजूला झुकतो. माणूस त्या बाजूचा शॉक-अब्जॉर्बर बदलतो, आणि झुकणे तसेच राहते. खरे कारण शाफ्टमध्ये आहे. फिरणारा शाफ्ट अ‍ॅक्सलवर पीळ देतो आणि त्याची प्रतिक्रिया सांगाड्याला सोसावी लागते. २०१७ साली आलेल्या ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ या मॉडेलमध्ये, जर्मन युनिमॉग ट्रकप्रमाणे, चाकाजवळ गिअरची आणखी एक जोडी असते. वेग तिथे शेवटी कमी होत असल्याने शाफ्टवरचा पीळ घटतो. शिवाय अ‍ॅक्सल जमिनीपासून वर उचलला जातो.

तिसरे लक्षण खटखटीचे. आवाज नेमका कुठून येतो हे कानाला कळत नाही. अशा वेळी पुढचा शाफ्ट काढून गाडी फक्त मागच्या अ‍ॅक्सलवर चालवावी, मग उलट करावे. आवाज एकाच वेळी आला तर त्या बाजूचा अ‍ॅक्सल दोषी. दोन्ही वेळा आला तर गिअरबॉक्स पाहावा. फक्त चाके वळवल्यावर येत असेल तर पुढच्या चाकांचे सांधे. मोटर फिरते पण चाके फिरत नाहीत, तेव्हा आधी मोटरवरच्या लहान गिअरचा स्क्रू तपासावा. धातूत बसणाऱ्या स्क्रूच्या आट्यांना थेंबभर थ्रेडलॉक लावावा. प्लॅस्टिकला तो लागू देऊ नये, प्लॅस्टिक ठिसूळ होते.

एक दोष मात्र तपासत बसण्याजोगा नाही. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. ३ व्होल्टच्या खाली गेला की त्याला इजा होते. स्पीड कंट्रोलरमधली व्होल्टेजची मर्यादा पहिल्याच दिवशी चालू करावी. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, आणि कुठलीही बॅटरी चार्जिंगला लावून घराबाहेर पडू नये. ही आग पाहता पाहता भडकते.

आज तयार क्रॉलर खोक्यातून थेट मिळतो आणि तो वाईट असतो असेही नाही. पण सुट्या भागांतून बांधणाऱ्याने प्रत्येक स्क्रू एकदा हाताने पिळलेला असतो. गाडी थांबली की कुठे पाहायचे हे त्याला ठाऊक असते. तयार गाडी घेणाऱ्यानेही पहिल्याच आठवड्यात एक अ‍ॅक्सल उघडून, ग्रीस लावून पुन्हा जोडावा. पुढे दुरुस्तीची वेळ येईल तेव्हा एका खेपेला एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर गाडी त्याच दगडावरून चालवून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी चालू लागेल, पण दोष कशात होता ते कळणार नाही.