दम्मामची सही, गावचा प्लॉट

साताऱ्याच्या प्लॉटचा व्यवहार ठरला आणि धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, तुझं मुखत्यारपत्र चालत नाही म्हणतात." रियाधला जाऊन, आपल्या दूतावासातल्या अधिकाऱ्यासमोर सही करून मी ते पाठवले होते. चूक आमचीच. कागद घरी पोचल्यावर चार महिने कपाटात पडून होता.

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ च्या कलम १८ प्रमाणे परदेशात केलेल्या दस्ताला तो राज्यात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यावा लागतो. त्यासाठी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे. मुदत सहीच्या तारखेपासून नव्हे, कागद पोचल्यापासून मोजतात. म्हणून कुरिअरचे पाकीट फेकू नका!

आपल्या मंडळींत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. सौदी अरेबिया 'अपॉस्टिल'मध्ये आला, मग दूतावासाची खेप कशाला? हेगचा हा १९६१ चा करार भारतात १४ जुलै २००५ पासून आणि सौदीत ७ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. पूर्वी लग्नाचा दाखला इथे वापरायचा तर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी सौदी वकिलात असे शिक्के गोळा करावे लागत. आता वकिलातीऐवजी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल पुरते. मोठाच हेलपाटा वाचला.

पण अपॉस्टिल एवढेच सांगते की सही-शिक्का खरा आहे. आतला मजकूर बरोबर आहे की नाही, याची हमी त्यात नसते. परदेशी राहणाऱ्याच्या मुखत्याराने दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायचा, तर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ मध्ये भारतीय कॉन्सुलचे नाव स्पष्ट लिहिले आहे. त्यामुळे जमिनीच्या कामाला माझा कौल अजून दूतावासालाच.

मुखत्यारपत्रात गट नंबर, क्षेत्र आणि नेमके अधिकार लिहा. "सर्व व्यवहार" असे मोघम लिहिल्याने भावाभावांत कज्जे झालेले आपण पाहतोच. आणि नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या 'सूरज लॅम्प' निकालात स्पष्ट केले आहे. खरेदीखत नोंदवावेच लागते. मुखत्यारपत्र देणारा वारला तर दिलेला अधिकारही साधारणपणे तिथेच संपतो.

दंडाची भानगड नको म्हणून मी नवे मुखत्यारपत्र पाठवले. भावाने ते त्याच आठवड्यात कचेरीत नेले. गिऱ्हाईक मात्र तोवर थांबले नव्हते.