किंमत आधी की इंजिन आधी? कॉर्व्हेटची पहिली पाच वर्षं

स्पोर्ट्स कार रस्त्यावर दिसली की आपण आधी तिचा आकार बघतो, मग रंग, मग कान देऊन आवाज ऐकतो. किंमत विचारायची वेळ सगळ्यात शेवटी येते. पण ती गाडी दहा वर्षांनी बाजारात असेल की नाही, हे ठरतं ते दोन रुक्ष गोष्टींवर. बॉनेटखाली इंजिन कोणतं बसवलं आणि दरपत्रकावर आकडा कोणता लिहिला. वरवर पाहता हे दोन वेगळे निर्णय वाटतात, पण तसं नसतं. शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकन गाडीच्या उदाहरणावरून आपण आज ते समजून घेऊ.

जानेवारी १९५३. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सचं ‘मोटोरामा’ प्रदर्शन भरलं होतं. तिथे हार्ली अर्ल यांच्या डिझाइन विभागाने तयार केलेली एक पांढरी, उघड्या टपाची, दोन आसनांची गाडी ठेवली होती. लोकांना ती इतकी आवडली की त्याच वर्षी जूनअखेर मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात उत्पादन सुरू झालं. बॉडी फायबरग्लासची. पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या निघाल्या, त्याही बऱ्याचशा हाताने जोडलेल्या.

आता बॉनेट उघडून बघू. आत शेव्हरोलेचं जुनंच सहा सिलिंडरचं इंजिन होतं, ३.९ लिटरचं, घरगुती सेदान गाड्यांतून आलेलं. तीन कार्बुरेटर लावून आणि कॅमशाफ्ट बदलून त्यातून १५० अश्वशक्ती काढली होती. गिअरबॉक्स दोनच गिअरचा आणि ऑटोमॅटिक. शून्यापासून ताशी ६० मैल गाठायला साधारण अकरा सेकंद लागत. दाराला वर-खाली होणारी काच नाही, बाहेरून हँडल नाही. आणि किंमत? ३,४९८ डॉलर. शेव्हरोलेची साधी सेदान त्याच्या जवळपास निम्म्या किमतीत मिळत होती. आपल्याकडे म्हणतात ना, नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. तसलाच प्रकार.

इथे जरा थांबू. ग्राहक जास्त पैसे मोजतो तेव्हा तो मनात एक पुरावा मागत असतो. आरामदायी गाडीत तो पुरावा गादीत, जागेत, शांततेत मिळतो. स्पोर्ट्स कारमध्ये आराम मुळातच कमी. तिथे पुरावा द्यायचा तो इंजिनाने. कॉर्व्हेटची किंमत स्पोर्ट्स कारची होती आणि पुरावा सेदानचा.

कंपनीने १९५४ मध्ये पहिला उपाय केला तो किमतीवर. मूळ किंमत २,७७४ डॉलरवर आणली. मात्र ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पैसे वेगळे दाखवले, आणि दुसरा गिअरबॉक्स तर मिळतच नव्हता! म्हणजे कागदावर घट मोठी आणि खिशाला आराम थोडा. त्या वर्षी ३,६४० गाड्या बनल्या आणि वर्षअखेर त्यातल्या हजारावर विकल्याविना पडून राहिल्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा जणू तयार प्रयोगच आहे. इंजिन तेच ठेवून किंमत उतरवली, तरी गाडी उठली नाही. कॉर्व्हेट बंद करावी अशी चर्चा कंपनीत सुरू झाली.

त्यातच फोर्डने १९५५ साठी थंडरबर्ड आणली. तीही दोन आसनांची, पण व्ही-८ इंजिनाची, काच वर-खाली होणारी, किंमत २,९४४ डॉलर. पहिल्या वर्षी १६,१५५ थंडरबर्ड बनल्या. त्याच वर्षी कॉर्व्हेट बनल्या अवघ्या ७००.

पण या ७०० गाड्यांत एक बदल झालेला होता. शेव्हरोलेने १९५५ साठी नवं व्ही-८ इंजिन तयार केलं होतं, ४.३ लिटरचं. या कामामागे मुख्य अभियंता एड कोल होते. व्हॉल्व्ह चालवणारे रॉकर आर्म पत्र्यातून ठोकून बनवलेले, ओतकाम पातळ, दोन्ही बाजूंचे हेड अदलाबदल करता येतील असे. त्यामुळे इंजिन लहान, हलकं आणि स्वस्त झालं. कॉर्व्हेटमध्ये त्याने १९५ अश्वशक्ती दिली, आणि सहा सिलिंडरच्या गाडीपेक्षा किंमत वाढली फक्त १३५ डॉलरने.

हे कसं परवडलं? कारण ते इंजिन कॉर्व्हेटसाठी केलेलंच नव्हतं. शेव्हरोलेच्या लाखो साध्या गाड्यांत तेच बसणार होतं. साचे, यंत्रं, संशोधन यांचा खर्च त्या लाखो गाड्यांवर वाटला गेला. या एका कॉर्व्हेटसाठी खास इंजिन बनवलं असतं, तर किंमत कुठच्या कुठे गेली असती.

अर्थात नुसत्या इंजिनाने सगळं सुधारलं असं समजू नका. झोरा आर्कस-डंटोव्ह या अभियंत्याने डिसेंबर १९५३ मध्येच वरिष्ठांना लिहून कळवलं होतं की वेगाची हौस असलेली तरुण मंडळी फोर्डभोवती गोळा झाली आहेत, त्यांना आपल्याकडे वळवायला हवं. १९५६ मध्ये बॉडी नवी झाली, काचा आल्या, हाताने बदलायचा गिअरबॉक्स नेहमीचा झाला. १९५७ मध्ये व्ही-८ ४.६ लिटरचं झालं. साध्या प्रकारात २२० अश्वशक्ती, आणि जास्तीचे पैसे देऊन फ्युएल इंजेक्शन घेतलं तर २८३ पर्यंत. मूळ किंमत ३,१७६ डॉलर, म्हणजे १९५३ पेक्षाही कमी! त्या वर्षी ६,३३९ गाड्या बनल्या, १९६० मध्ये दहा हजारांच्या वर.

आणि थंडरबर्ड? फोर्डने १९५८ मध्ये तिला चार आसनं दिली. खप खूप वाढला, पण ती स्पोर्ट्स कार राहिली नाही. धंद्याच्या हिशेबात तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. गाडीचं भविष्य म्हणजे खप की तिची ओळख, हा प्रश्न मात्र तिथे उभा राहतो.

आता एकदम २०२० मध्ये येऊ. कॉर्व्हेटचं इंजिन आसनांच्या मागे गेलं, तरी सुरुवातीची किंमत ५९,९९५ डॉलर ठेवली. हे जमलं, कारण ६.२ लिटरच्या त्या व्ही-८मध्ये कॅमशाफ्ट अजूनही एकच होता, जुन्या पद्धतीने ब्लॉकमध्ये बसवलेला. २०२३ च्या झेड-०६ मध्ये मात्र चार कॅमशाफ्टचं खास ५.५ लिटरचं इंजिन आलं, आणि किंमत एक लाख डॉलरच्या वर गेली. दोन्ही गाड्यांचा सांगाडा मुळात एकच. तेव्हा यापुढे नवी स्पोर्ट्स कार आल्याची बातमी वाचाल, मग ती पेट्रोलची असो की बॅटरीची, तेव्हा एवढं शोधून बघा: हिचं इंजिन किंवा मोटर आणखी कोणकोणत्या गाड्यांत बसते? तिच्या आयुष्याचा अंदाज बऱ्याचदा तिथेच लागतो.